आधी तिथी, मग तिकीट: जामनगरचा खारा किनारा

कच्छच्या आखाताचा दक्षिण किनारा पाहायचा तर सुट्ट्यांची यादी नंतर, आधी पंचांग उघडायचं. इथला चिखल, प्रवाळ, तिवरं आणि त्यांवर जगणारे पक्षी, सगळ्यांचा दिवस भरती-ओहोटीवर ठरतो. जोडून आलेली सुट्टी बघून गेलेली माणसं नराऱ्याच्या प्रवाळ किनाऱ्यावर नुसतं गढूळ पाणी पाहून परत येतात आणि जागेलाच नावं ठेवतात.

कोकणातला जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आखातात हाच हिशेब साधारण तास-दीड तास पुढे सरकवावा लागतो. भरतीचं पाणी पश्चिमेकडून, ओख्याच्या बाजूने आत शिरतं आणि जामनगरपर्यंत यायला वेळ घेतं. आत यावं तसं आखात अरुंद होत जातं आणि पाण्याचा चढ-उतारही वाढत जातो. उधाणाच्या मोठ्या भरतीला वाडीनार बंदराच्या आसपास तो पाच मीटरच्या घरात असतो, म्हणजे दीड मजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, हा फरक बराच कमी असतो आणि प्रवाळाचा पट्टा नीट उघडाच पडत नाही.

आणखी एक बारकावा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं हे खरं, पण त्याचा कळस एक-दोन दिवस उशिरा येतो. द्वितीया-तृतीयेला पाणी सगळ्यांत खाली जातं आणि तेही सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला, चांगल्या उजेडात. म्हणून बेत असा आखला: पौष पौर्णिमेला पोचायचं, प्रतिपदेला खिजडिया पक्षी अभयारण्य, द्वितीयेला नरारा आणि तृतीयेला चरकल्याची मिठागरं करून परत फिरायचं.

पौर्णिमा: जामनगर

मुंबईहून रात्रीची गाडी धरली की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आत जामनगर. दुपारी आराम केला तरी चालेल, पण साडेचारच्या आत लाखोटा तलावावर हजर राहावं. भर गावातल्या या तलावाला हिवाळ्यात कुरव पक्ष्यांनी वेढा घातलेला असतो. तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे, दोन्ही इथे अगदी जवळून दिसतात, त्यामुळे ओळख पक्की करायला यापेक्षा चांगली शाळा नाही. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्याचा रंग उतरलेला असतो, कानामागे फक्त एक डाग उरतो. तेव्हा डोळा बघायचा: तपकिरी डोक्याच्याचा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद. उडताना पंखाचं टोक बघायचं. पहिल्याच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात, दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड पांढरी असते.

काठावर लोक कुरवांना गाठिया आणि शेव टाकतात. टाकू नये. मासे, किडे खाणाऱ्या पक्ष्याला खारट-तळकट बेसनाची सवय लावण्यात त्याचं काहीच भलं नाही. काठावरच्या मुलांना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुडी बंद केली आणि उरलेले गाठिया स्वतः खाल्ले.

खरा प्रसंग सूर्य मावळताना घडला. भोरड्या. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेल्या या गुलाबी मैना दिवसभर आसपासच्या शेतांत असतात आणि संध्याकाळी रातथाऱ्यावर उतरण्याआधी आभाळात एकत्र फिरतात. एक ससाणा मध्ये घुसला आणि सगळा थवा एका क्षणात आकसून काळा झाला, मग पुन्हा पसरला. प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या मोजक्या शेजाऱ्यांवर नजर ठेवून वळतो, म्हणून हजारोंचा थवा असूनही टक्कर होत नाही. हा खेळ वीसेक मिनिटांत संपतो. रातथाऱ्याची जागा आठवड्याला बदलू शकते, त्यामुळे त्या दिवशी थवे कुठे उतरताहेत हे तलावाकाठच्या चहावाल्याला विचारावं. त्याला नेमकं ठाऊक असतं.

तलावाच्या काठाला बाला हनुमानाचं देऊळ आहे. तिथे १ ऑगस्ट १९६४ पासून रामधून अखंड चालू आहे. तिथून बाहेर पडल्यावर जामनगरी घुघरा खावा. दिसायला करंजी, पण आत तिखट बटाटा-वाटाणा आणि वरून चटणी, शेव, दाणे. रात्री वारा बोचरा होता. जानेवारीत पहाटे पारा बारा अंशांच्या आसपास येतो आणि उघड्या बांधावर त्याहून जास्त थंडी वाजते, तेव्हा स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट हवंच.

प्रतिपदा: खिजडिया

राजकोट रस्त्याने बाराएक किलोमीटरवर जांबुडा पाटिया, तिथून आत वळलं की खिजडिया पक्षी अभयारण्य. जामनगर देशाच्या पार पश्चिमेला असल्याने जानेवारीत सूर्य सव्वासातनंतरच वर येतो. पहाटे पाचला निघून दारावर कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. साडेसहाला निघालं तरी पुरे. परवाना आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगवेगळं असतं. ओळखपत्र मूळ जवळ ठेवा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं.

ही जागा सुमारे सहा चौरस किलोमीटरची, पण तिच्या भोवतीनं सबंध आखाताची गोष्ट कळते. स्वातंत्र्याआधी नवानगर (जामनगर) संस्थानाने समुद्राचं पाणी शेतात शिरू नये म्हणून इथे मातीचे लांबच लांब बांध घातले. आपल्या कोकणातली खारबंदिस्ती ती हीच. बांधाच्या एका अंगाला नदी-नाल्यांचं पावसाळी पाणी साठून गोडं तळं झालं, दुसऱ्या अंगाला चिखल, तिवरं आणि मिठागरं राहिली. माणसाने शेतीसाठी घातलेल्या बांधाने गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे पक्षी एकाच ठिकाणी आणून बसवले. तीनशेच्या वर जातींची इथे नोंद आहे आणि २०२२ मध्ये खिजडिया रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

बांधावर चालताना हे सगळं पायांखाली कळतं. डावीकडे पाणकणीस, कमळाची पानं, वारकरी पक्ष्यांचे काळे थवे, जांभळ्या पाणकोंबड्या. उजवीकडे फक्त राखाडी चिखल आणि त्यावर शेकाटे. वारा गोड्या बाजूने आला की शेवाळाचा वास, उलटा फिरला की खाऱ्या चिखलाचा गंधकासारखा. थापट्या बदकं चोच पाण्याला टेकवून गोल गोल फिरत होती. एक फिरला की त्याच्या पायांनी ढवळलेलं अन्न मागच्याला मिळतं, म्हणून आठ-दहा जण चक्रच धरतात. ग्रेट क्रेस्टेड ग्रीब हा तुरेवाला पाणडुबा दूर खोल पाण्यात असतो, त्याला टेलिस्कोप लागतोच. बाकी सगळ्याला ८×४२ ची दुर्बीण पुरते. दहापटीची हातात हलते आणि वाऱ्यात तर विचारूच नका.

दारात भाड्याने सायकल मिळाली तर घ्यावी. बांध लांब आहेत, आणि गाडीतून उतरणाऱ्या माणसापेक्षा सायकलवर आलेल्या माणसाला पक्षी जास्त जवळ येऊ देतात. मात्र थांबताना पाय बांधाच्या उतारावर, पाण्याच्या विरुद्ध बाजूला टेकवा. बांधाच्या माथ्यावर उभं राहिलं की आभाळाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती मैलभरावरून दिसते आणि बदकं उठतात.

सगळे पर्यटक दहाच्या सुमाराला ऊन चढलं म्हणून निघून जातात. पंचांग इथे उपयोगी पडतं. प्रतिपदेला भरती दुपारी दोनच्या सुमाराला. पाणी चढायला लागलं की बाहेरच्या चिखलावर सकाळपासून चरणारे किनारपक्षी जागा नसल्यामुळे आत येतात, मिठागरांच्या बांधांवर आणि अभयारण्याच्या खाऱ्या बाजूला. साडेअकराला पहिला थवा आला. बारा वाजता टिलवे, कर्ल्यू, गॉडविट, छोटे प्लोव्हर यांची दाटी झाली. सकाळी जे ठिपके दिसत होते ते आता शंभर पावलांवर एका पायावर उभे होते. भरतीच्या माथ्याला ते खात नाहीत, विश्रांती घेतात. म्हणून हाच तास त्यांना उठवू नये असा असतो. हिवाळ्यात साठवलेल्या चरबीवर त्यांना हजारो किलोमीटर उत्तरेला जायचं असतं आणि प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्यातून वजा होतं. थव्यातल्या पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबा. दोन-चार जणांनी पंख ताणले की मागे सरका. बहुतेक फोटोग्राफर नेमकं तेव्हा पुढे सरकतात.

याच थव्यात, एका टोकाला, पाणचिरे बसले होते. नारिंगी चोच, तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. उडताना हाच खालचा भाग पाण्यात बुडवून ते रेघ ओढत जातात आणि मासा लागला की चोच मिटते. जगभरात या पक्ष्याची संख्या घटत चालली आहे, तो धोक्यातल्या जातींत मोडतो आणि नद्यांच्या वाळूच्या बेटांवर घरटी करतो. हिवाळ्यात जामनगर परिसरात तो इतक्या सहज दिसतो हे अजून फार लोकांना ठाऊक नाही.

दुपारी तीन तास रिकामे असतात. तेवढ्यात बालाचडी करून यावं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलंडच्या निर्वासित मुलांना इथे आसरा दिला होता. आता त्या परिसरात सैनिक शाळा आहे. किनाऱ्यावर भरती उतरत असते आणि समुद्री बगळे उथळ पाण्यात मासे हाकलत पळत असतात. एक पाटीसारखा राखाडी, एक पांढरा: दोन्ही एकाच जातीचे.

वाटेत एका शेतकऱ्याच्या घरी बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, लसणाची चटणी आणि ताक मिळालं. गहू नुकता हातभर झाला होता. क्रौंच पिकाचं नुकसान करतात का, असं विचारल्यावर मोठ्या काकांनी सांगितलं की भुईमूग काढल्यावर मातीत राहिलेले दाणे ते वेचतात, त्यामुळे त्या शेतात त्यांना कुणी हाकलत नाही. कोवळ्या हरभऱ्यात उतरले तर मात्र थाळी वाजवावी लागते.

साडेपाचला पुन्हा खिजडिया. संध्याकाळच्या या वेळेसाठीच खरं तर हा दिवस राखून ठेवायचा. दिवसभर शेतात असलेले क्रौंच आणि कांड्या करकोचे रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कोल्हा-लांडगा आला तर पाण्याचा आवाज होतो म्हणून. आधी आवाज येतो, मग पूर्वेकडून रेघ दिसते. मंगोलिया आणि मध्य आशियातून आलेले कांड्या करकोचे लहान चणीचे, त्यांच्या गळ्याचा काळा रंग छातीवर लांब पिसांच्या झालरीसारखा उतरतो आणि डोळ्यामागून पांढरा तुरा निघतो. क्रौंच थोराड, काळा रंग गळ्यापाशीच संपतो आणि माथ्यावर लाल ठिपका. खालून पाहताना काळा रंग छातीपर्यंत आलाय का, एवढंच बघितलं तरी दोन्ही वेगळे करता येतात. सूर्य पडल्यावरही रेघा येतच राहिल्या आणि पुढचे उतरलेले पक्षी मागच्यांना जागा देत सरकत होते. बांधावर उभा असलेला वनखात्याचा रखवालदार रोज हे बघतो. तोही मान वर करून उभा होता.

एक सूचना. सूर्यास्तानंतर अभयारण्य रिकामं करावं लागतं, त्यामुळे शेवटच्या मनोऱ्यावर न जाता दारापासून जवळच्या मनोऱ्यावर बसा. फ्लॅश, टॉर्च आणि गाडीचा प्रखर दिवा बंद. उतरलेला थवा अंधारात उठला तर तो विजेच्या तारांवर आदळतो.

द्वितीया: नरारा

नरारा ज्याचा भाग आहे ते कच्छच्या आखातातलं उद्यान म्हणजे भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. एकंदर ४२ बेटं, आणि त्यांपैकी बऱ्याच बेटांना प्रवाळाची किनार. पिरोटन बेटाला जायचं तर होडी भरतीला सुटते आणि पुढच्या भरतीलाच परत येते, म्हणजे मध्ये बारा तास बेटावर. शिवाय वन, कस्टम आणि बंदर अशा वेगवेगळ्या परवानग्या. नराऱ्याला यातलं काहीच नाही: जमिनीवरून चालत प्रवाळापर्यंत जाता येतं. जामनगरपासून साठेक किलोमीटर, वाडीनारजवळ. नाक्यावर परवाना काढायचा आणि वाटाड्या बरोबर घ्यायचा.

ओहोटीचा तळ त्या दिवशी पावणेनऊच्या आसपास होता. नियम सोपा: तळाच्या दोन तास आधी आत शिरायचं, पाणी उतरेल तसं त्याच्या मागे मागे जायचं आणि तळाच्या वेळेला पाठ फिरवायची. तळानंतरचा पहिला तास पाणी सुस्त असतं आणि माणूस फसतो. सहा तासांच्या भरतीचे बारा हिस्से धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक, असं पाणी चढतं. पाच मीटरच्या उधाणाला तिसऱ्या एकाच तासात सव्वा मीटर. आणि पाणी समोरून येतं असं समजू नका. आधी भरतात त्या तुमच्या मागच्या नाळा, म्हणजे पाण्याच्या चिंचोळ्या वाटा. वाटाड्या "चलो" म्हणाला की फोटो अर्धा ठेवून निघायचं.

पायांत काय घालायचं यावर बराच गोंधळ असतो. सँडल नको, चिखल ओढून घेतो. क्रॉक्स नको, प्रवाळाच्या खाचेत पाय वळतो. गमबूट तर अजिबात नको, आत पाणी भरलं की पाऊल उचलत नाही. जुने कॅनव्हासचे नाडीचे बूट, जाड मोजे, नाडी दोन गाठींची. प्रवाळाने कापलं तर जखम लवकर भरत नाही, म्हणून पाण्याची बाटली आणि जंतुनाशक बरोबर. वाळूच्या डबक्यातून जाताना पाऊल उचलून न टाकता सरपटत न्यावं, वाळूत पाकट लपलेलं असलं तर ते निघून जातं.

सुरुवात तिवरांतून होते. इथली तिवरं बुटकी, छातीएवढी, कारण पाऊस कमी, गोड्या पाण्याचा पुरवठा तुटपुंजा आणि पाणी फार खारं. पानाच्या पाठीला जीभ लावून बघा, मीठ लागेल. नको असलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळं चुकवत चालायचं, तुडवली की त्या झाडाचा श्वास तुटतो. पुढे मोकळा चिखल, आणि तिथे क्रॅब प्लोव्हर उभे होते. काळा-पांढरा, जाड काळ्या चोचीचा पक्षी. स्तब्ध उभा राहतो, मग चार पावलं धावून खेकडा उचलतो, पाय झटकून तोडतो आणि गिळतो. हा अरबस्तान, इराण, सोमालियाच्या किनाऱ्यांवर वीण करतो. किनारपक्ष्यांत हा एकटाच असा, जो वाळूत बीळ खणून एकच पांढरं अंडं घालतो आणि उबवण्याचं बरंचसं काम तापलेल्या वाळूवर सोपवतो. पिल्लं इथे स्थलांतर करून आल्यावरही आईबापांकडे खाणं मागतात. करड्या पाठीचं एक पिल्लू असंच मान खाली घालून मागे मागे फिरत होतं.

प्रवाळाचा पट्टा सुरू झाला की चालण्याचा वेग एकदम कमी होतो. पहिल्यांदा नुसते मळकट दगड दिसतात. एका डबक्यापाशी दहा मिनिटं बसलं की दगडांना तोंडं फुटतात. गोल, खाचाखाचांचे फाविया जातीचे प्रवाळ उघड्या हवेत बुळबुळीत स्राव अंगावर ओढून ओहोटी काढतात. त्यांना हात लावला की हा थर पुसला जातो आणि जीव उन्हात करपतो. पाण्याखाली गोनियोपोरा: बोटभर लांब देठांवर शेवंतीसारखी तोंडं, प्रत्येकाला २४ शुंडक. धक्का लागला की सगळी मिटतात. समुद्रफुलं, पिसाऱ्यासारखे पंखे उघडणारे नळीतले किडे, गवतात रेंगाळणाऱ्या समुद्री ससे नावाच्या गोगलगायी, हिरवी शेवाळं. फोटो काढताना पाण्यावर आभाळ चमकतं, त्यावर पोलरायझर फिल्टर हा उत्तम उपाय. मोबाईल असेल तर छत्री धरून सावली करा, पण सावली आधी पाडा आणि मिटलेले जीव पुन्हा उघडेपर्यंत थांबा.

वाटाड्या वाडीनारच्या कोळ्यांपैकी तरुण मुलगा. त्याची नजर विलक्षण. एका दगडाच्या तोंडाशी शिंपल्यांच्या रिकाम्या कवचांचा ढीग दिसला की तो थांबे: आत ऑक्टोपस जेवतो आणि उष्टं दाराबाहेर टाकतो. थोडा वेळ गेला आणि दगडाचाच एक तुकडा हलला. पाणी आलं त्या नाळीतून ऑक्टोपस घसरत गेला, वाळूवर वाळूच्या रंगाचा, शेवाळावर तपकिरी, अंगावर खरबरीत उंचवटे उठवत. दोन हातांवरून गेला, तरी नजर हटली तर सापडत नव्हता.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. पर्यटक खूश व्हावेत म्हणून केंड मासा हातात धरून फुगवून दाखवण्याची आणि ऑक्टोपस हातावर घेण्याची पद्धत पडली आहे. केंड पाण्यात धोका दिसला की पाणी पिऊन फुगतो. बाहेर काढला की त्याच्या पोटात हवा जाते, ती बाहेर टाकणं त्याला अवघड जातं, आणि पाण्यात सोडल्यावर तो उलटा तरंगतो. अशा वेळी बगळा त्याला सहज टिपतो. वर, त्याच्या अंगात जहाल विष असतं, खाल्ला तर माणूस दगावतो. आत शिरण्याआधीच वाटाड्याला सांगून टाका की काही उचलू नकोस, जागेवरच दाखव. आमच्या वाटाड्याला हे ऐकून बरंच वाटलं. लोक नाराज होतात म्हणून उचलावं लागतं, असं तो म्हणाला. बक्षिसी मात्र नेहमीपेक्षा जास्त द्या, नाहीतर पुढच्या गटासाठी तो पुन्हा उचलेल.

दगड उलटण्याचंही तसंच. खालच्या बाजूला स्पंज, अंडी, ठिसूळ तारामासे असतात, वरच्या बाजूला शेवाळ. दगड पालथा राहिला तर दोन्ही मरतात. उलटलाच तर क्षणभर पाहून त्याच बाजूने, त्याच खळग्यात, हळू परत ठेवायचा. न उलटणं सगळ्यांत बरं. शंख-शिंपले घरी आणायचे नाहीत, रिकामे असले तरी. त्यांत संन्यासी खेकडे राहतात आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही नेणं गुन्हा आहे.

क्षितिजावर तेलाची जहाजं उभी असतात. वाडीनारला कच्चं तेल समुद्रातल्या बोयऱ्यांवरून उतरवलं जातं, आणि त्याच्या नळ्या याच किनाऱ्याने जातात. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला बोटाएवढ्या उंचीचे जीव. आखातातल्या प्रवाळांना गाळ, खारटपणा आणि तापमानातला मोठा फरक सोसायची सवय आहे, पण तेलाचा तवंग ओहोटीला थेट त्यांच्या अंगावर बसतो. तेव्हा किनाऱ्यावर तवंग किंवा डांबराचे गोळे दिसले तर फोटो आणि नेमकी जागा वनखात्याच्या नाक्यावर कळवा. पाहणाऱ्या चार डोळ्यांचा एवढा तरी उपयोग व्हावा.

नियमापेक्षा अर्धा तास उशिरा, सव्वानऊला परत फिरलो आणि तिवरांपाशी पोचलो तेव्हा सकाळी कोरडी ओलांडलेली नाळ गुडघाभर झाली होती. माणशी दोन लिटर पाणी लागतं, वाटेत सावलीचा एक तुकडा नाही. सनस्क्रीन फासून डबक्यात हात घालू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी पुरे.

तृतीया: चरकला

जामनगर-द्वारका वाटेवर, द्वारकेच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर चरकल्याची मिठागरं आहेत. आगरं खाजगी आहेत. आत जायचं तर परवानगी विचारा, नाही मिळाली तरी रस्त्यावरून भरपूर दिसतं. गाडी पूर्ण कडेला घ्या, अवजड ट्रक वेगात जातात. पक्षी गाडीला बुजत नाहीत, दार उघडून उतरणाऱ्या माणसाला बुजतात, तेव्हा काच खाली करून खिडकीवर तांदळाची छोटी पिशवी ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा.

फ्लेमिंगोंचे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात हे इथलं वैशिष्ट्य. मोठा रोहित उंच, फिक्या गुलाबी चोचीचं टोक काळं, मान पाण्यात पूर्ण बुडवून पायाने चिखल ढवळत खातो. छोटा रोहित बुटका, गडद गुलाबी, चोच सगळी काळपट लाल, पाण्याच्या वरच्या थरातच डोकं डावी-उजवीकडे फिरवतो. एक तळातलं खातो, दुसरा वरचं, म्हणून एकाच आगरात दोघांचं जमतं. रंग अन्नातून येतो, शेवाळ आणि कोळंबीसारख्या बारीक जीवांतल्या रंगद्रव्यातून. म्हणूनच पिल्लं मळकट राखाडी असतात आणि गुलाबी व्हायला काही वर्षं जातात.

आगरांची खारटपणाची चढण असते आणि पक्षी त्याप्रमाणे वाटले जातात. समुद्राचं पाणी पहिल्यांदा घेतलेल्या मोठ्या तळ्यांत मासे असतात, तिथे पाणकावळे, पेलिकन, कैकर. मधल्या, आटत चाललेल्या खणांत मासे जगत नाहीत, बारीक कोळंबी माजते, तिथे फ्लेमिंगो आणि वर वळलेली चोच विळ्यासारखी फिरवणारे उचाटे. शेवटच्या, मीठ धरलेल्या खणांत कुणीच नाही. तेव्हा गाडी हाकताना पांढऱ्याशुभ्र खणांपाशी वेळ घालवू नका, लालसर आणि तपकिरी पाणी शोधा.

वाऱ्यात मिठाची बारीक धूळ असते. लेन्सची काच कोरड्या कापडाने पुसली तर ओरखडे येतात. आधी फुंकणीने उडवा, मग किंचित ओल्या कापडाने टिपा. बूट आणि ट्रायपॉडचे पाय रात्री मुक्कामावर गोड्या पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर नराऱ्याच्या आणि चरकल्याच्या मिठाने पंधरा दिवसांत स्क्रू गंजून घट्ट बसतात. परतीची गाडी द्वारकेहूनच धरली तर जामनगरपर्यंत उलटं यावं लागत नाही.